बाहुलीचे डोळे कसे उघडतात? : जपानी बाहुल्यांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हिना-मात्सुरीचा, म्हणजे जपानमधल्या मुलींच्या बाहुल्यांच्या सणाचा, एक फोटो छापला होता. लाल कापडाच्या सात पायऱ्या, त्यावर पंधरा बाहुल्या आणि खाली दोन ओळींची माहिती, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेल येतील असं खरंच वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी काही वर्षं टोकियोजवळच्या साइतामाला राहिले, तिथेच या बाहुल्यांचं वेड लागलं ते आजतागायत आहे, म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देतेय. पत्रं थोडी कापलीत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न (निशी-कासाई, टोकियो): ताई, आमची मुलगी दोन वर्षांची आहे. शेजारच्या आजी तिला आपल्या मुलीचा जुना हिना-बाहुल्यांचा सेट देतायत, अगदी मनापासून. पण ऑफिसमधली एक जपानी मैत्रीण म्हणाली की दुसऱ्याच्या बाहुल्या घेत नाहीत, प्रत्येक मुलीची वेगळी हवी. इकडे नाशिकहून सासूबाईंचंही तेच, "वापरलेल्या बाहुल्या कशाला?" काय करू? आणि घेतल्याच तर मांडायच्या कशा, फ्लॅट तर एवढासा आहे.

उत्तर: तुमची मैत्रीण म्हणते ती समजूत खरी आहे, मनाने काढलेली नाही. त्यामागचं कारण कळलं की मग निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

जपानीत बाहुलीला निंग्यो म्हणतात, शब्दशः अर्थ 'माणसाचा आकार'. फार जुन्या काळी कागदाचा किंवा गवताचा असा एक आकार करायचे, तो अंगावरून फिरवायचे, त्यावर फुंकर मारायचे आणि नदीत सोडून द्यायचे, म्हणजे आपलं आजारपण, आपली पीडा तो घेऊन गेला. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतो ना, आणि "इडापिडा टळो" म्हणतो, तीच भावना आहे, फक्त इथे ओवाळायची वस्तू माणसासारखी दिसते. पुढे दरबारातल्या मुलींचा बाहुल्यांचा खेळ आणि ही पीडा घालवायची रीत एकमेकांत मिसळत गेली, एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) बाहुल्या इतक्या सुंदर आणि महाग झाल्या की नदीत सोडायचा जीव होईना, मग त्या घरातच पायऱ्यांवर मांडायला लागले आणि 3 मार्चचा मुलींचा सण झाला. नदीत सोडायची रीत काही ठिकाणी अजून आहे, तोत्तोरीकडच्या मोचिगासेला कागदी जोडी गवताच्या गोल तबकात ठेवून सोडतात, वाकायामाच्या आवाशिमा देवळातून तर बाहुल्यांनी भरलेल्या होड्या समुद्रात जातात.

म्हणजे ती बाहुली त्या एका मुलीच्या वाटची पीडा घेणारी, म्हणून 'दुसऱ्याची नको' असं म्हणतात. पण जपानमध्येच कितीतरी घरांत आजीच्या बाहुल्या नातीसाठी निघतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझं स्पष्ट मत, आजी मनापासून देतायत तर घ्या. हवं तर मुलीच्या नावाची म्हणून एक छोटीशी नवीन कागदी जोडी शेजारी ठेवा, म्हणजे मैत्रिणीचंही समाधान आणि सासूबाईंचंही.

मांडणीचं म्हणाल तर सात पायऱ्या लागतच नाहीत. फक्त राजा-राणीची जोडी मांडणारी घरं आज भरपूर आहेत. आणि लहान म्हणजे कमी असं अजिबात मानू नका. 1721 साली शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने आठ सुनपेक्षा, म्हणजे साधारण 24 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या हिना-बाहुल्यांवर बंदी घातली होती, कारण लोक दोन-दोन फुटी बाहुल्या करून श्रीमंती मिरवायला लागले होते. मग कारागिरांनी काय केलं तर उलट्या दिशेने गेले, बोटाएवढ्या बाहुल्या आणि त्यांची नखाएवढी लाखकामाची भांडी. त्या काळातली काही सगळ्यात बारीक कारागिरी या छोट्या सेट्समध्येच बघायला मिळते.

पूर्ण सेट असेल तर वरून राजा-राणी, मग तीन दरबारी स्त्रिया, पाच वादक, दोन मंत्री, तीन सेवक. या तीन स्त्रियांमधली मधली नीट बघा, बऱ्याच सेट्समध्ये तिच्या भुवया काढलेल्या आणि दात काळे केलेले असतात, म्हणजे ती लग्न झालेली. तीन सेवकांत एक हसतो, एक रडतो, एक चिडलेला असतो, मुलांना ते फार आवडतं. राजा कुठल्या बाजूला यावरून तुम्हाला दोन सल्ले मिळतील. क्योतोत बघणाऱ्याच्या उजवीकडे राजा, ती दरबाराची जुनी पद्धत. टोकियोकडे बघणाऱ्याच्या डावीकडे, कारण दरबारात पाश्चात्त्य पद्धत आली त्यानंतरची ती मांडणी. तुम्ही टोकियोत आहात, आजी ठेवतात तशी ठेवा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला काढा आणि 3 मार्च झाला की लवकर आवरा. उशीर केला तर मुलीचं लग्न लांबतं असं म्हणतात, त्याचं टेन्शन घेऊ नका. मात्र कोरडा दिवस बघून आवरा हे अगदी खरं, पुढे पावसाळी दमट हवा सुरू होते आणि बुरशी बाहुलीला सोडत नाही.

प्रश्न (पुणे): मी फाइन आर्टची विद्यार्थिनी आहे. इन्स्टावर जपानी बाहुल्यांचे चेहरे बघते, ती त्वचा इतकी जिवंत कशी वाटते? पोर्सिलेन आहे का? आणि किमती बघून तर डोळेच फिरले, एवढं महाग काय आहे त्यात?

उत्तर: पोर्सिलेन नाही! हा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला, कारण माझ्या वेडाची सुरुवात याच प्रश्नाने झाली होती.

साइतामात इवात्सुकी नावाचं गाव आहे, बाहुल्यांचं गाव म्हणूनच ओळखतात, फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे बाहुल्यांचं सार्वजनिक म्युझियमही सुरू झालं. निक्कोच्या तोशोगू देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, देवळाच्या कामाला आलेले कारागीर इथे राहिले आणि बाहुल्या करायला लागले अशी तिथली कथा आहे. आसपास किरीची झाडं भरपूर, किरी म्हणजे ते हलकं लाकूड ज्याची कपड्यांची कपाटं करतात, तर त्या कपाटांचा जो भुसा उरायचा तो गव्हाच्या खळीत मळून त्याची कणीक करायची. त्याला म्हणतात तोसो. साच्यात दाबून डोक्याचे दोन अर्धे करायचे, पुढचा आणि मागचा, मग जोडायचे, वाळवायचे. टाकाऊ भुसाच तो, पण वाळला की लाकडासारखाच कडक आणि आकसत नाही, तडकत नाही.

मग त्यात काचेचे डोळे बसवतात. आणि आता गंमत बघ, ते डोळे बसवले की चेहऱ्यावर गोफुनचे थर द्यायला सुरुवात होते आणि डोळे त्याखाली पूर्ण झाकले जातात! गोफुन म्हणजे कालवाच्या शिंपल्यांची पूड. शिंपले वर्षानुवर्षं उन्हापावसात उघड्यावर ठेवतात, ते ठिसूळ झाले की दळतात. ही पूड निकावामध्ये, म्हणजे जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या सरसात, कालवून कोमट असतानाच लावायची. सरस जास्त झाला तर थर तडकतो, कमी झाला तर पावडरीसारखा हाताला येतो, आणि प्रमाण रोजच्या हवेवर ठरतं. पावसाळ्यात वेगळं, थंडीत वेगळं. ते वहीत लिहून ठेवता येत नाही, हातालाच कळतं.

आधी जाडसर थर, मग नाक-ओठांच्या जागी घट्ट गोफुन ठेवून उठाव आणायचा, मग मधले थर, मग बारीक सुरीने नाक-ओठ कोरायचे, मग वरचे पातळ थर, असे दहा-बारा हात सहज होतात, चांगल्या कामात त्याहून जास्त. तुला ती जी त्वचा जिवंत वाटते ना ती यामुळेच, प्रकाश थोडा आत शिरून परत येतो, पोर्सिलेनची झगझगीत चकाकी नाही. आणि मग येतं मेकिरी, डोळे कापणं. इतका वेळ डोळ्यांवर पांढरा थर आहे, तो कारागीर छोट्या पात्याने एका रेषेत कापतो आणि आतली काच दिसायला लागते. ती चीर किती लांब, किती खाली झुकलेली, यावर चेहऱ्याचा सगळा भाव ठरतो, आणि चुकलं तर एवढे सगळे थर वाया. मी एकदाच हे समोर बसून पाहिलं, खोलीत कुणी बोलत नव्हतं, आणि ज्या क्षणी दुसरा डोळा उघडला तेव्हा मला खरंच वाटलं की ही आता आपल्याकडे बघतेय. अंगावर काटा आला.

नंतर केसासारख्या ब्रशने भुवया एकेक रेघ करून, ओठांवर लाल, आणि डोक्यात बारीक खाच पाडून तिच्यात काळ्या रेशमी धाग्याचे केस खोचतात.

आता किमतीचं. हे झालं फक्त डोकं. क्योतोत तर परंपरेने डोक्याचा कारागीर वेगळा, केसांचा वेगळा, हातापायांचा वेगळा, पंखा-मुकुट-तलवारी करणारा वेगळा, आणि या सगळ्यांचं काम एकत्र आणून कपडे चढवणारा वेगळा. तो गवताच्या घट्ट बांधलेल्या पेंढीवर निशिजिनचं जरीकापड चढवतो, कापडाला आतून जपानी कागद लावलेला असतो म्हणून घड्या तशाच राहतात. शेवटी बाहुलीचे हात वाकवतो, आतल्या तारेसकट एकदाच, एका झटक्यात. जाणकार माणूस नुसता हाताचा बाक बघून सांगतो हे कुणाचं काम आहे. म्हणजे तू जी किंमत बघितलीस ती पाच-सहा घरांत वाटली जाते, आणि त्यातल्या एका घरातली पुढची पिढी या कामात आली नाही की बाकी सगळ्यांचं काम अडतं. मला या कलेची काळजी वाटते ती इथे. चेहरा करणारा आहे, पण इतके छोटे हात करणारं कोण उरलं, असा प्रश्न येतो. स्वस्त सेटमध्ये आता डोकं प्लॅस्टरचं किंवा प्लॅस्टिकचं साच्यातून येतं, तेही दिसायला वाईट नसतं, पण घेताना सरळ विचार की डोकं कशाचं आहे, दुकानदार सांगतो.

तुला हात घालून बघायचा असेल तर किमेकोमीपासून सुरू कर. यात लाकडाच्या किंवा तोसोच्या अंगावर खाचा असतात आणि कापडाच्या कडा त्या खाचांत बोथट पात्याने दाबून बसवायच्या, शिवण नाही. अठराव्या शतकात क्योतोच्या कामीगामो देवळातल्या एका सेवेकऱ्याने पूजेच्या पेट्यांच्या उरलेल्या विलोच्या लाकडावर कपड्याच्या चिंध्या अशा बसवल्या आणि तिथून ही पद्धत निघाली. मी शिकलेय, पहिली बाहुली करायला मला आठ रविवार लागले.

प्रश्न (ठाणे): माझ्या वडिलांनी 1980 च्या सुमारास जपानहून काचेच्या पेटीतली किमोनोवाली बाहुली आणली होती. चेहऱ्यावर पिवळट डाग आणि बारीक चिरा दिसतायत. ओल्या कापसाने पुसू का? बहिणीने सांगितलं थोडा शाम्पू घे म्हणून.

उत्तर: नका हो, प्लीज पुसू नका! पाणी तर अजिबातच नाही. वरच्या उत्तरात लिहिलं तसा चेहरा गोफुनचा असेल तर तो सरसाने धरलेला असतो आणि सरस पाण्यात विरघळतो. ओल्या कापसाने डाग नाही, थरच निघेल, आधी भुवया, मग गाल. चेहऱ्याला नुसती बोटंही लावू नका, घामाचा आणि तेलाचा डाग काही महिन्यांनी वर येतो.

करायचं एवढंच. मऊ कोरड्या ब्रशने, मेकअपचा नवा ब्रश चालेल, कपड्यांवरची धूळ वरून खाली हलक्या हाताने झटका. चेहऱ्यावर फक्त फुंकण्याचा रबरी बल्ब वापरा, कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो. पेटी खिडकीपासून लांब ठेवा, किमोनोचा रंग उन्हाने उडतो. ठाण्याच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या ठेवा पण ढीग नको, कारण हवा एकदम कोरडी झाली तरी थर तडकतो. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतील तर बाहुलीला टेकू देऊ नका, आणि गोळ्या आणि कापूर एकत्र कधीच ठेवू नका. दोन्ही मिळून पाघळतात आणि कापडावर डाग पडतो, तो जात नाही. बासनात ठेवायची असेल तर आधी चेहऱ्याभोवती पातळ मऊ कागद गुंडाळा.

आहेत त्या चिरा राहू द्या. वडिलांनी आणलेली, चाळीस वर्षांची बाहुली आहे, तिच्या चेहऱ्यावर तेवढं दिसणारच.

प्रश्न (कोल्हापूर): कोकेशी बाहुलीला हातपाय नसतात कारण ती दुष्काळात मारून टाकलेल्या मुलांची आठवण असते, 'को' म्हणजे मूल आणि 'केशी' म्हणजे पुसून टाकणं, असं एका व्हिडिओत ऐकलं. मुलीने वाढदिवसाला मागितली होती, आता द्यावीशी वाटत नाही.

उत्तर: द्या, बिनधास्त द्या. ही गोष्ट खूप पसरलीये पण ती टिकत नाही. आणि ती का टिकत नाही याचं कारण अगदी साधं आहे. 'कोकेशी' हे नाव सगळीकडे एकच असं नव्हतंच. तोहोकुमध्ये, म्हणजे उत्तर जपानमध्ये, गावागावांत देको, किदेको, किबोक्को, कोगेसु अशी वेगवेगळी नावं होती, आणि 1940 साली नारुको या गरम झऱ्यांच्या गावी जमलेल्या मंडळींनी 'कोकेशी' हे एक नाव पक्कं केलं. मग त्या एका नावाची फोड करून जुना इतिहास कसा काढणार?

खरी गोष्ट गोड आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत शेतकरी शेतीची कामं संपली की अंग शेकायला, विश्रांतीला यायचे, आणि तिथे लाकडी वाडगे-तबकं लेथवर करणारे कारागीर असायचे, त्यांनी परतणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांसाठी उरल्या लाकडाची खेळणी केली. लेथवर गोल फिरणाऱ्या लाकडातून हातपाय निघत नाहीत, एवढंच त्याचं कारण. घराण्यं साधारण अकरा मोजतात, चेहरा आणि अंगावरची फुलं बघून घराणं ओळखतात. नारुकोचीच मिळाली तर बघा, मान फिरवली की ती कुंईकुंई आवाज करते, कारण डोकं लेथवर फिरत असतानाच दाबून बसवलेलं असतं. मुलीला तो आवाज फार आवडेल.

प्रश्न (सोलापूर): एका डोळ्याची लाल गोल बाहुली ऑफिसात गिफ्ट मिळाली. दुसरा डोळा राहून गेलाय का?

उत्तर: राहून गेलेला नाही, ती दारुमा आहे! इच्छा धरून एक डोळा रंगवायचा, बाहुलीचा डावा, आणि इच्छा पुरी झाली की दुसरा. म्हणजे देणाऱ्याने तुमच्यासाठी एक डोळा रंगवून दिलाय, आता दुसरा तुमच्याकडे. ती कागदाच्या लगद्याची असते, तळाला वजन असतं म्हणून कितीही पाडली तरी उठते. सगळ्यात जास्त गुन्माच्या ताकासाकी शहरात होतात, तिथल्या दारुमाच्या भुवया म्हणजे करकोचा आणि मिशा-दाढी म्हणजे कासव, नीट बघा, दिसेल. आणि हा दारुमा म्हणजे आपला बोधिधर्म बरं का, भारतातून चीनला गेलेला भिक्षू, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला म्हणून पाय गळून गेले अशी दंतकथा आहे.

प्रश्न (नागपूर): मी शाळेत शिक्षिका आहे. अमेरिका आणि जपानने एकमेकांना बाहुल्या पाठवल्या होत्या असं कुठेतरी वाचलं. मुलांना सांगायचं आहे, खरं आहे का?

उत्तर: खरं आहे, आणि मॅडम, जरूर सांगा. 1924 मध्ये अमेरिकेने कायदा करून जपानी लोकांचं स्थलांतर बंद केलं, दोन्ही देशांत कडवटपणा आला. जपानमध्ये बरीच वर्षं राहिलेल्या सिडनी ग्यूलिक नावाच्या मिशनऱ्याला वाटलं की मोठ्यांचं जाऊ दे, मुलांपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या मुलांनी, शाळांनी, चर्चनी मिळून 12,739 बाहुल्या पाठवल्या, त्या 1927 च्या हिना-मात्सुरीच्या सुमारास जपानमधल्या शाळांना आणि बालवाड्यांना वाटल्या. प्रत्येकीचा छोटा पासपोर्टसुद्धा होता!

मग जपानने परतभेट द्यायची ठरवली. उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी पुढाकार घेतला, शाळेतल्या मुलींनी एक-एक सेन (येनचा शंभरावा भाग) दिला आणि 58 मोठ्या बाहुल्या तयार झाल्या, प्रत्येकी साधारण 80 सेंटिमीटर उंच, रेशमी किमोनो, सोबत स्वतःचं फर्निचर आणि चहाची भांडी. या इचिमात्सु प्रकारच्या. हे नाव अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी (जपानी पारंपरिक नाटक) नटावरून आलंय, त्याच्या कपड्यांवरच्या चौकटी इतक्या गाजल्या की त्या नक्षीलाही इचिमात्सु म्हणतात, टोकियो 2020 ऑलिंपिकच्या बोधचिन्हात तीच आहे. बाहुल्या करणाऱ्यांत तरुण हिराता गोयो होते, जे पुढे 1955 मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरले, जपान सरकार मोठ्या कारागिरांना देतं तो हा मान. त्याच वर्षी होरी र्‍यूजो या बाईंनाही तोच मान मिळाला.

पुढे युद्ध आलं. जपानमध्ये या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या, शाळाशाळांत त्या जाळल्या, मोडल्या. पण काही शिक्षकांनी त्या माळ्यावर, छपरात, कपाटांच्या मागे लपवल्या, पकडले गेलो तर काय होईल हे माहीत असूनसुद्धा. त्यातल्या तीनशेहून जास्त आज सापडल्यात. जपानहून गेलेल्या 58 पैकी चाळीसहून अधिक अमेरिकेत अजून आहेत, बऱ्याच म्युझियममध्ये. मुलांना त्या लपवणाऱ्या शिक्षकांचं नक्की सांगा, मला स्वतःला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

प्रश्न (दादर, मुंबई): आईने आयुष्यभर जमवलेल्या बाहुल्यांत सहा जपानी आहेत. आई गेली. घर लहान, ठेवता येत नाहीत, आणि कचऱ्यात टाकायला हात धजत नाही.

उत्तर: तुमचा हात धजत नाही हे फार स्वाभाविक आहे, जपानमध्ये तर यासाठी विधीच आहे, निंग्यो-कुयो. बाहुल्यांना धन्यवाद द्यायचे, पुजारी मंत्र म्हणतात आणि मग त्यांना निरोप. टोकियोत उएनोच्या कियोमिझु कान्नोन-दोमध्ये 25 सप्टेंबरला होतो, मेइजी देवळात ऑक्टोबरमध्ये, क्योतोच्या होक्योजीत 14 ऑक्टोबरला. लोक बाहुल्या घेऊन रांगेत उभे असतात, म्हातारी माणसं तर अगदी बाळासारखी छातीशी धरून.

आपल्याकडे एखादी शाळा, वाचनालय किंवा जपानी शिकवणारा वर्ग बघा, तिथे त्या आनंदाने ठेवतील. दिल्लीतलं शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियमही आहे, व्यंगचित्रकार शंकर यांनी 1965 मध्ये सुरू केलेलं, तिथे जपानी बाहुल्याही आहेत, आधी लिहून विचारा. पण कुणालाही द्यायच्या आधी एक करा. मूळ लाकडी पेटी असेल तर झाकणाची आतली बाजू आणि बाहुलीच्या तळाखालचा कागद नीट बघा, तिथे बऱ्याचदा कारागिराचं नाव किंवा शिक्का असतो. त्याचा स्पष्ट फोटो काढून मला पाठवा, मी वाचून सांगते.